विलायती लिमोझिनांची पारख : प्रस्तावना

हैदराबादेत, मूसीच्या उत्तर तीरावरील अंबरपेठेत, काचीगुड्याकडून उप्पलच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर, लग्नसराईच्या दिवसांत एखादी उंच, चौकोनी छपराची आणि पुढे चकचकीत जाळी मिरविणारी मोटार फुलांच्या माळा लेवून उभी असली म्हणजे भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी ती निजामाची रोल्स-रॉइस असल्याचे मोठ्या निश्चयाने सांगितल्यावाचून राहत नाही. खाली वाकून पाहण्याची तसदी घेतली तर बहुधा एखाद्या जीपची चासी आणि स्थानिक मिस्त्रीच्या हातचा पत्रा दृष्टीस पडतो. परंतु तेवढ्यावरून ही सारी लोकश्रुती निराधार म्हणून मोडीत काढणेही न्याय्य होणार नाही. कारण ज्या शहरात किंग कोठीच्या, चौमहल्ल्याच्या आणि पायगा उमरावांच्या मोटरखान्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या उत्तमोत्तम कारागिरांचे काम येऊन दाखल झाले, त्या शहरात खरी गाडी आणि तिचे सोंग यांची सरमिसळ होणे अगदी स्वाभाविक आहे. ही सरमिसळ निवारण्यास लागणारी दृष्टी मराठी वाचकास यावी, एवढ्याच मर्यादित हेतूने या पुस्तिकेची योजना केली आहे. आणि विषय नवखा असल्यामुळे प्रस्तावना थोडी लांबली तर वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरकारांच्या विधानांची अस्सल पत्रांशी रुजुवात घालून बखरींच्या विश्वसनीयतेचा जो निवाडा त्यांनी केला, त्याने मराठी इतिहाससंशोधनाला कायमचे वळण लागले. मोटारींच्या प्रांतातही बखरी आहेत आणि अस्सल कागद आहेत. मालकाच्या आजोबांनी सांगितलेली हकीकत, लिलावाच्या फिरिस्तीतील भरघोस विशेषणे, सचित्र नियतकालिकात छायाचित्राखाली छापलेली ओळ, या सगळ्या बखरी होत. आणि चासीच्या पोलादावर ठोकलेला क्रमांक, इंजिनघराच्या पाठीमागील पडद्यावर जडविलेली पितळी पट्टी, दाराच्या उंबऱ्यावरील कारागिराची मोहोर, लाकडी सांगाड्यावर कोरलेला आकडा, ही अस्सल पत्रे होत. बखर टाकून द्यावी असे कोणी म्हणत नाही, पण तिचा दाखला अखेरीस घ्यावयाचा, आरंभी नव्हे, एवढा क्रम पाळला तरी निम्मे घोटाळे मिटतात.

यापुढचे सर्व विवेचन ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती अशी. आजची मोटार एकाच कारखान्याच्या दारातून सगळी तयार होऊन बाहेर पडते. 1919 ते 1939 या काळातील भारी विलायती मोटारीचे तसे नव्हते. रोल्स-रॉइस कंपनी आपल्या डर्बी येथील कारखान्यातून इंजिन, गिअरपेटी, चाके, रेडिएटर आणि बोनट यांसह नुसती चासी विकीत असे. त्या चासीवर बसण्याची जागा, छप्पर, दारे, काचा आणि गाद्या चढविण्याचे काम गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या रथकाराकडे सोपवी. रथकार हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. 1710 साली स्थापन झालेली बार्कर आणि 1805 मध्ये निघालेली हूपर या लंडनच्या पेढ्या मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या होत्या, आणि मोटार आल्यावर त्यांनी तोच अॅश लाकडाचा सांगाडा, तेच हातोडीने घडविलेले पत्रे आणि रंगाचे तेच अनेक थर नव्या चासीवर आणले. म्हणजे अशा प्रत्येक गाडीला जन्मदाते दोन असतात, आणि रेडिएटरवरचे नाव त्यांपैकी एकाचेच असते. ‘ही रोल्स-रॉइस आहे’ हे विधान खरे असले तरी ते निम्मेच उत्तर आहे.

दोन निर्माते आले म्हणजे तारखाही अनेक येतात. चासी तयार झाल्याची एक तारीख, रथकाराने काम पुरे केल्याची दुसरी, मालकाच्या ताब्यात गाडी आल्याची तिसरी आणि सरकारदरबारी नोंद झाल्याची चौथी. आणि या चारींमध्ये कित्येक महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर पडते. आपल्या काळाच्या किंचित आधीचे, पण या मुद्द्यावर सर्वांत बोलके असे उदाहरण आज चौमहल्ला राजवाड्यात उभे आहे. पिवळ्या रंगाची, मागचे आसन सिंहासनाप्रमाणे उंचावलेली ती सिल्व्हर घोस्ट सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविली, तिच्यावर बार्करने काम केले, आणि ती पुरी होऊन येण्याआधीच, ऑगस्ट 1911 मध्ये, महबूब अली खान निवर्तले; गाडी मिळाली ती पुढचे निजाम उस्मान अली खान यांना. तिचे साल कोणी 1911 लिहितो, कोणी 1912, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. चूक असते ती कोणत्या घटनेचे साल आपण लिहीत आहोत हे न सांगण्याची. मागविणारा, वापरणारा आणि पुढे बाळगणारा या तीन व्यक्ती भिन्न असू शकतात, हे हैदराबादेसारख्या जहागिरींच्या मुलखात तर विशेषच ध्यानी ठेवावे लागते.

आता लिमोझिन कशास म्हणावे. शोफर आणि मागे बसणारा धनी यांच्यामध्ये वर-खाली सरकणारी काचेची भिंत आणि दोघांच्याही डोक्यावर पक्के छप्पर, हे तिचे मुख्य लक्षण. मागचा अर्धा भाग कातडी टपाचा असून तो दुमडता येत असेल तर ती लँडोलेट. शोफरच्या डोक्यावरचे छप्पर सरकवून उघडता येत असेल तर ती सेदांका. मधली काच नसेल तर ती, कितीही लांब असली तरी, सलूनच. शोफरचे आसन कातड्याचे आणि मागची बैठक मऊ लोकरी कापडाची, ही तफावत त्या काळच्या विलायती समाजरचनेचा आरसाच होती, पण पारख करणाऱ्याला ती उपयोगी पडते, कारण पुढे मधली काच कोणी काढून टाकली तरी लाकडातली तिची खाच आणि दोन आसनांचा हा भेद सहसा राहून जातो. मधल्या जागेत दुमडून ठेवावयाची दोन जादा आसने आणि शोफरला हुकूम देण्याची नळी किंवा तिच्या जागी बसविलेले विजेचे यंत्र, हीही त्याच जातीची चिन्हे होत. संस्थानी मागणीच्या गाड्यांत यात आणखी एक भर पडे ती पडद्याची: जनानी मोटारीच्या काचा गडद किंवा दुधी असत आणि आत पडदे सोडण्याची सोय असे. मागच्या खिडक्यांवर पडद्याच्या दांडीची भोके सापडली तर ती शोभेची समजू नयेत.

रेडिएटर हा गाडीचा चेहरा, आणि सामान्य माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, हे खरे. रोल्स-रॉइसचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागाच्या धर्तीचा, वर त्रिकोणी माथा असलेला. डेमलरच्या रेडिएटरचा माथा उभ्या पन्हळींचा, पूर्वीच्या शीतक पट्ट्यांची आठवण म्हणून राखलेला. आर्मस्ट्राँग-सिडलीच्या टोपणावर स्फिंक्स बसलेला. व्हॉक्सहॉलच्या बोनटावर पुढून मागे निमुळत्या होत गेलेल्या दोन खाचा. वूल्झलीच्या रेडिएटरवरचे नाव 1930 नंतरच्या दशकात रात्री आतून उजळणारे. डेमलरविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे रोल्सच्या कीर्तीखाली ती गाडी उगीचच झाकली गेली आहे. इंग्लंडच्या राजघराण्याची गाडी एडवर्ड सातव्यापासून दुसरे महायुद्ध संपेपर्यंत डेमलरच होती. रोल्स-रॉइसने त्या दाराशी पाऊल टाकले ते 1950 मध्ये. डेमलरचे इंजिन नाइट पद्धतीच्या सरकत्या बाह्यांचे (स्लीव्ह-व्हॉल्व्ह), अत्यंत नि:शब्द, पण तेल पिणारे, आणि म्हणून मागे निळसर धूर सोडीत जाणारे. 1926 मध्ये तिने बारा नळ्यांचे (सिलिंडरांचे) ‘डबल सिक्स’ काढले आणि 1930 च्या सुमारास द्रवचक्र (फ्लुइड फ्लायव्हील) आणि विल्सनची पूर्वनियोजित गिअरपेटी एकत्र आणून शोफरच्या डाव्या पायाचा पुष्कळसा ताण हलका केला. जुन्या छायाचित्रात पन्हळीदार माथा दिसला की तेथे रोल्सचा विचार सोडून द्यावा. लँचेस्टर हे नावही असेच विस्मृतीत गेले आहे. अलवारच्या महाराजांसाठी तिच्या चाळीस अश्वशक्तीच्या चासीवर 1924 मध्ये जी राजरथाच्या घाटाची गाडी बांधली गेली ती पाहणारा हे नाव सहसा विसरत नाही. 1931 मध्ये ही कंपनी डेमलरच्या गटात गेली.

पण चेहरा हा सर्वांत दुबळा साक्षीदार आहे, आणि हे मी मुद्दाम आग्रहाने लिहितो. रेडिएटर काढून दुसरा बसविता येतो, त्यावरची पुतळी बाजारात विकत मिळते. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने 1911 मध्ये रोल्स-रॉइससाठी घडविलेल्या त्या पंख पसरलेल्या स्त्रीच्या नकला जगात किती झाल्या याची गणती नाही; तिची गुडघे टेकलेली आवृत्ती 1934 मध्ये आली, तेव्हा ती 1927 च्या गाडीवर दिसली तर पुतळी नंतरची, एवढे अनुमान करता येते. दोन ‘आर’ अक्षरांची पाटी तांबडी होती ती काळी झाली, आणि हा बदल सर हेन्री रॉइस यांच्या निधनाचे सुतक म्हणून झाला अशी हृद्य कथा सर्वत्र सांगितली जाते. रॉइस वारले 22 एप्रिल 1933 रोजी, आणि काळ्या अक्षरांकडे कंपनी त्याआधीच वळली होती. कथा गोड आहे म्हणून ती खरी मानण्याची सवय आपल्या देशात फार खोलवर रुजलेली आहे.

मोजपट्टी मात्र भिडेला बळी पडत नाही. हैदराबादेत, आणि हैदराबादेतच का, सबंध हिंदुस्थानात, दोन युद्धांमधील प्रत्येक रोल्स-रॉइसला ‘फँटम’ म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुत: त्या काळी कंपनी मोठ्या गाडीबरोबर एक धाकटी गाडीही विकीत होती आणि धाकटीची संख्या अधिक होती. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत फीत धरावी. 1925 ते 1929 मधील पहिल्या फँटमला हे अंतर 143½ किंवा 150½ इंच. 1929 ते 1935 मधील दुसऱ्या फँटमला 144 किंवा 150 इंच. 1936 ते 1939 मधील बारा नळ्यांच्या तिसऱ्या फँटमला 142 इंच. उलट 1922 पासूनच्या ‘ट्वेंटी’ या धाकट्या गाडीला ते 129 इंच, आणि तिची उत्तराधिकारी ‘20/25’ हिला प्रथम 129 आणि मग 132 इंच. म्हणजे साडेबारा फूट आणि अकरा फूट यांमधला हा फरक आहे, आणि ज्या घरात चार पिढ्या ‘फँटम’ नांदत आली त्या घरातील अभिमान अनेकदा या दीड फुटात अडकतो. त्यात कमीपणा काही नाही. धाकटी गाडी गुणांनी मुळीच धाकटी नव्हती.

मोजता येत नसेल, केवळ छायाचित्रच हाती असेल, तर जाळीवरच्या झडपा पाहाव्यात: फँटमच्या उभ्या, ट्वेंटीच्या आडव्या, आणि 20/25 च्या 1932 च्या सुमारापर्यंत आडव्या व त्यानंतर उभ्या. तिसऱ्या फँटमचा रेडिएटर पुढच्या आसाच्याही पुढे सरकलेला असतो, कारण तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग दिले होते. या गाड्या सातशेहून थोड्याच अधिक झाल्या, तेव्हा ती ओळख पटविताना हात आखडता ठेवणेच इष्ट. गिअरचा दांडा शोफरच्या उजव्या हाताला असणे हे त्या काळच्या भारी गाडीचे लक्षण. ट्वेंटीमध्ये तो आरंभी मध्यभागी होता आणि 1925 मध्ये चौथा गिअर व पुढच्या चाकांचे ब्रेक यांबरोबर उजवीकडे गेला.

जुन्या कागदांत अश्वशक्तीचा आकडा आढळतो, त्याचा अर्थ इंजिनाची खरी ताकद असा घेऊ नये. 1921 पासून इंग्लंडात मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड कर होता आणि ती अश्वशक्ती गणिताने काढीत: नळीचा व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास नळ्यांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे. सव्वाचार इंची सहा नळ्यांच्या दुसऱ्या फँटमचे उत्तर 43.35 येते, सव्वातीन इंची 20/25 चे 25.35. नळीची लांबी या हिशेबात धरलेलीच नाही, म्हणूनच इंग्रज कारखानदारांनी अरुंद आणि लांब नळ्यांची इंजिने केली. नळ्यांची संख्या ठाऊक असेल तर कागदावरील आकड्यावरून नळीचा व्यास उलट काढता येतो, एवढा त्याचा उपयोग.

काळ ठरविण्याची स्थूल गमके पुढील प्रकरणांत विस्ताराने येतील. येथे दोन सांगतो. धातूची चकाकी किंचित पिवळसर, ऊबदार असेल तर ती निकेलची, निळसर आणि थंड असेल तर क्रोमियमची, आणि निकेल मागे पडून क्रोमियम आले ते 1928 ते 1930 या दरम्यान. परंतु हैदराबादच्या कारागिरांनी किती निकेल खरवडून क्रोमियम चढविले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून हे गमक दाराच्या आतल्या बाजूच्या, हात न लागलेल्या खिळ्यांवर तपासावे. दुसरे, पुढच्या काचेचा उभेपणा: 1920 नंतरच्या गाड्यांत ती ताठ उभी, 1930 नंतर हळूहळू मागे कललेली, आणि त्याच सुमारास मडगार्डांच्या कडा खाली उतरून चाके झाकू लागलेल्या.

रथकारांच्या बाबतीत एक इशारा. हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली, विंडोव्हर्स, पार्क वॉर्ड, गर्नी नटिंग ही नावे उंबऱ्याच्या पट्टीवर आढळली तर आनंद मानावा, पण पट्टी चार स्क्रूंवर असते, आणि दाराच्या लाकडात ठोकलेला बॉडी-क्रमांक तिच्याशी जुळतो की नाही हे पाहिल्यावाचून त्या आनंदाला पूर्णत्व नाही. अनेक चाशींवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शरीर चढले. विलायतेत कित्येक जुन्या लिमोझिनांच्या शववाहिन्या झाल्या. आपल्याकडे त्यांची छपरे कापून शिकारीच्या मोटारी केल्या गेल्या. परदेशी चासीवर विलायती शरीर चढण्याचा उलट प्रकारही झाला. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी 1930 नंतरच्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून जी गाडी बांधून घेतली ती विलायती म्हणावी की नाही? माझ्या मते देह विलायती, प्राण अमेरिकन असे स्पष्ट लिहून मोकळे व्हावे. एकाच खात्यात कोंबण्याचा अट्टहास करू नये.

आता या शहराच्या खास अडचणी. दफ्तर-ए-दिवानी ज्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आले त्या राय रायान या मराठी घराण्याच्या शहरात कागदांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती ते वाचणाऱ्यांची. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, आणि जहागिरी, यांचे व्यवहार उर्दूत आणि फसली सनात लिहिलेले असत. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून आजूर ते डिसेंबरअखेरच्या नोंदीला 590 आणि पुढच्या महिन्यांच्या नोंदीला 591 मिळविले म्हणजे इसवी सन येतो. 1340 फसली म्हणजे ऑक्टोबर 1930 ते ऑक्टोबर 1931. जहागिरी नष्ट करणारे फर्मान 1358 फसलीचे, म्हणजे 1949 चे. एखाद्या मोटरखान्याच्या पेट्रोलच्या चिठ्ठीवर ‘1339’ वाचून गाडी हिजरी सनाप्रमाणे 1920 ची ठरविणाऱ्याने तीच चिठ्ठी फसली धरून पाहिली, तर गाडी एकदम दहा वर्षांनी तरुण होते, आणि तिच्या पुढच्या चाकांना ब्रेक का आहेत याचा उलगडाही आपोआप होतो. तार्नाक्याचे राज्य पुराभिलेखागार अंबरपेठेपासून फार दूर नाही. फारसी-उर्दूची थोडी तयारी करून तिकडे वळणारा एखादा तरुण या विषयाला लाभावा अशी इच्छा आहे.

पुराणी हवेलीतील निजामाच्या संग्रहालयात 1930 ची रोल्स-रॉइस, एक पॅकार्ड आणि एक जॅग्वार मार्क फाइव्ह मांडलेल्या आहेत. पॅकार्ड अमेरिकन, मार्क फाइव्ह 1948 मध्ये प्रथम निघालेली; तेव्हा आपल्या कक्षेत या तिघींपैकी एकच बसते. बाकीच्या खजिन्याचे काय झाले हा खेदाचा इतिहास आहे. सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, पुढल्या वर्षी गेलेल्या जहागिरी आणि डिसेंबर 1971 मध्ये घटनादुरुस्तीने बंद झालेले तनखे, या तीन आघातांत मोटरखाने रिकामे झाले. काही गाड्या परदेशी गेल्या, काही भंगारात वजनावर विकल्या गेल्या. विलायती कंपनीवर सूड म्हणून रोल्स-रॉइसला झाडू बांधून कचरा वाहविल्याची कथा मात्र शाबूत राहिली. ती अलवारच्या नावे सांगतात, भरतपूरच्या नावे सांगतात, पतियाळाच्या आणि हैदराबादच्याही नावे सांगतात. ज्या कथेतील संस्थान श्रोत्याच्या सोयीने बदलता येते तिला पुराव्याच्या दफ्तरात जागा नाही.

पारखेला आता व्यावहारिक निकडही आली आहे. 2021 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांची स्वतंत्र नोंद होऊन त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदीस 20,000 रुपये, नूतनीकरणास 5,000, आणि मुदत दहा वर्षांची. मूळ स्वरूप कोणते हे सांगता आले नाही तर ते राखले की नाही याची शहानिशा कोण कशी करणार?

म्हणून वाचकांस एकच विनंती. आपल्या ओळखीत अशी गाडी डेंटिंग-पेंटिंगसाठी निघाली असेल तर रंगारी घासकागद हाती घेण्यापूर्वी चासीवरचा, इंजिनावरचा आणि दाराच्या लाकडातला असे तिन्ही क्रमांक उतरवून घ्या, पट्ट्यांची छायाचित्रे काढा, आणि रोल्स-रॉइस असेल तर चासी-क्रमांकांच्या मालिकेत 13 हा आकडा कंपनी सहसा वापरीत नसे हे ध्यानात ठेवा. घरात जुन्या पावत्या, परवाने, शोफरच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्याआधी कोणा उर्दू जाणणाऱ्यास दाखवा.

अंबरपेठ, हैदराबाद